इम्युलेटरचे सेव्ह नव्या संगणकावर नेले तरी गेम पहिल्यापासून सुरू होतो: कारणे आणि उपाय

नव्या संगणकावर इम्युलेटर (जुन्या गेमयंत्राची नक्कल करून त्याचे गेम संगणकावर चालवणारा कार्यक्रम) बसवला, जुने सेव्ह कॉपी केले, गेम उघडला आणि पडद्यावर फक्त ‘न्यू गेम’. ही तक्रार तीन रूपांत येते. कधी सेव्ह मुळीच दिसत नाही. कधी पहिल्यांदा दिसतो, पण गेम बंद करून पुन्हा उघडला की नाहीसा होतो. आणि कधी सेव्ह स्टेट उघडताना इम्युलेटर त्रुटी दाखवतो किंवा काळ्या पडद्यावर अडकून बसतो. तिन्हींची कारणे वेगळी आहेत. पण फाइल खरोखर खराब झालेली असणे हे त्यांतले सर्वांत विरळ कारण. बहुतेक वेळा ती भलत्या फोल्डरमध्ये, भलत्या नावाने किंवा नव्या इम्युलेटरला न कळणाऱ्या रूपात पडलेली असते. म्हणजे खेळलेले तास शाबूत असतात. ते शोधाशोधीत आपल्याच हातून पुसले जाऊ नयेत, ही काळजी आधी घ्यायची.

त्यासाठी सेव्हचे पूर्ण फोल्डर झिप करा. एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा आणि दुसरी आणखी कुठेतरी. यापुढची सगळी खटपट प्रतीवर करायची, मूळ फाइलला हात लावायचा नाही.

हातात सेव्ह आहे की स्टेट?

इम्युलेटर दोन अगदी वेगळ्या गोष्टी साठवतो आणि निम्मा घोळ त्या एकच मानल्यामुळे होतो.

पहिली गोष्ट म्हणजे गेममधला सेव्ह. खऱ्या यंत्रात जे कार्ट्रिजच्या बॅटरीवर चालणाऱ्या मेमरीत किंवा मेमरी कार्डावर लिहिले जायचे, त्याचीच ही फाइल. एक्स्टेन्शन (फाइलच्या नावातला टिंबानंतरचा भाग) बहुधा .एसआरएम, .एसएव्ही, .एमसीआर, .एमसीडी, .पीएस२ यांपैकी असते. तिची मांडणी गेमने ठरवलेली असल्यामुळे ती एका इम्युलेटरमधून दुसऱ्यात, विंडोजवरून लिनक्सवर किंवा मॅकवर बहुतेक वेळा निर्धोक जाते.

दुसरी गोष्ट सेव्ह स्टेट. एक बटण दाबून त्या क्षणी इम्युलेटरच्या पोटात जे जे होते ते सगळे त्यात उतरते: प्रोसेसरची स्थिती, मेमरी, चित्र आणि आवाजाचे भाग. ही मांडणी इम्युलेटर लिहिणाऱ्यांनी ठरवलेली असते आणि आवृत्ती बदलली की तीही बदलू शकते. म्हणून पीसीएसएक्स२ (प्लेस्टेशन २ चा इम्युलेटर) किंवा डॉल्फिनच्या (गेमक्यूब आणि वीचा इम्युलेटर) जुन्या आवृत्तीतली स्टेट नव्या आवृत्तीत अनेकदा उघडत नाही. रेट्रोआर्क या एकाच कार्यक्रमात प्रत्येक यंत्रासाठी वेगळा इम्युलेटर जोडता येतो, त्याला कोअर म्हणतात; तिथे तर एका कोअरची स्टेट दुसऱ्या कोअरला समजतच नाही. इंटेल प्रोसेसरच्या मॅकवरून ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरवर गेल्यास आवृत्ती तीच असूनही काही स्टेट अडतात.

तेव्हा नियम असा: स्टेट न्यायची नाही, सेव्ह न्यायचा. जुना संगणक चालू असेल तर तिथेच स्टेट उघडा, गेममधल्या सेव्हच्या ठिकाणापर्यंत जा, गेमच्या स्वतःच्या मेनूतून सेव्ह करा आणि इम्युलेटर नीट बंद करा. ‘नीट’ हा शब्द महत्त्वाचा आहे. रेट्रोआर्कमध्ये सेव्ह-रॅम (गेममधल्या सेव्हची मेमरी) ठरावीक वेळाने आपोआप लिहिण्याची सोय बंद असेल, तर गेममध्ये केलेला सेव्ह डिस्कवर उतरतो तो ‘क्लोज कंटेंट’ केल्यावर किंवा कार्यक्रम रीतसर बंद केल्यावर. टास्क मॅनेजरमधून मारलेला कार्यक्रम किंवा गेम चालू असताना केलेली कॉपी तुम्हाला मागच्या वेळचाच सेव्ह देईल.

कॉपी करण्याआधी आकार पाहा

फाइलचा आकार बाइटमध्ये पाहिला की बरेच काही कळते. त्यासाठी फाइलवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, कारण फोल्डरमध्ये दिसणारा केबीतला आकडा गोळाबेरीज केलेला असतो.

प्लेस्टेशन १ चे कार्ड नेमके १,३१,०७२ बाइटचे असते. पीसीएसएक्स२ चे नेहमीचे ८ एमबीचे कार्ड ८६,५०,७५२ बाइट भरते, कारण मूळ माहितीशिवाय त्यात चुका सुधारण्याचे बाइटही असतात. गेमबॉय ॲडव्हान्सचे सेव्ह ५१२, ८,१९२, ३२,७६८, ६५,५३६ किंवा १,३१,०७२ बाइटचे असतात. कार्ट्रिजमध्ये कोणती चिप होती त्यावर ते ठरते. शून्य बाइटची फाइल म्हणजे कॉपी अर्धवट झाली. वनड्राइव्हच्या फोल्डरमधल्या फाइलवर ढगाचे चिन्ह असेल, तर ती फाइल तुमच्या संगणकावर उतरलेलीच नाही. उजवी क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा, ती उतरू द्या आणि मगच कॉपी करा.

आकार बरोबर असूनही फाइल रिकामी असू शकते. हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणारा कार्यक्रम) उघडल्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त एफएफ किंवा फक्त शून्ये दिसली, तर ती इम्युलेटरने नव्याने बनवलेली कोरी फाइल आहे. तुमचा सेव्ह दुसरीकडे कुठेतरी आहे.

खात्रीचा मार्ग: नव्या इम्युलेटरला आधी स्वतः सेव्ह करू द्या

इम्युलेटर सेव्ह कुठे शोधतो याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा त्यालाच ते दाखवायला लावणे सोपे. मेनूतले पर्याय, आवृत्त्या, बसवण्याच्या पद्धती यांच्यामुळे सेव्हची जागा इतक्या वेळा बदलते की इतरत्र वाचलेला पत्ता तुमच्या संगणकावर लागू पडेल याची खात्री नसते.

१. नव्या संगणकावर तोच गेम सुरू करा, पहिल्या सेव्हपर्यंत खेळा, गेममधून सेव्ह करा आणि इम्युलेटर पूर्ण बंद करा.

२. इम्युलेटरच्या फोल्डरमध्ये, रॉम फाइलच्या (खुद्द गेमची फाइल) फोल्डरमध्ये आणि डॉक्युमेंट्समध्ये गेल्या काही मिनिटांत बदललेल्या फाइली शोधा. ‘डेट मॉडिफाइड’नुसार लावल्या की नुकतीच बनलेली फाइल वर येते.

३. तिचे पूर्ण नाव, एक्स्टेन्शन, फोल्डर आणि बाइटमधला आकार लिहून घ्या.

४. तिचे नाव बदलून बाजूला ठेवा. तिच्या जागी जुनी फाइल ठेवा आणि त्या फाइलला अक्षरन् अक्षर तेच नाव द्या.

५. आता इम्युलेटर उघडा.

चौथ्या पायरीत विंडोज एक सापळा लावते. एक्स्टेन्शन लपवलेली असतील तर नाव बदलताना फाइल ‘.एसआरएम.एसएव्ही’ अशी दुहेरी शेपटीची होते आणि पडद्यावर मात्र सगळे ठीक दिसते. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ आधी चालू करा. लिनक्सवर लहान-मोठ्या अक्षरांचा फरकही धरला जातो, तोही तपासा.

जुन्या आणि नव्या फाइलचा आकार सारखा असेल, तर नाव आणि जागा जुळवणे पुरते. आकार वेगळा असेल तर खालचा ‘आकार जुळत नाही’ हा भाग वाचा.

नाव का जुळावे लागते

कार्ट्रिजच्या यंत्रांचे बहुतेक इम्युलेटर सेव्हची फाइल रॉम फाइलच्या नावावरून शोधतात. जुन्या संगणकावर रॉमच्या नावात कंसात ‘यूएसए’ होते आणि नव्यावर ते काढून टाकले, तर सेव्हच्या नावातूनही काढावे लागते. एक मोकळी जागा जास्त असली तरी सेव्ह न सापडायला तेवढे पुरे होते. रॉमची प्रत वेगळ्या प्रदेशाची, वेगळ्या सुधारणेची किंवा भाषांतराचा पॅच लावलेली असेल, तर नाव जुळवूनही गेम सेव्ह नाकारू शकतो. अशा वेळी जुन्या संगणकावरचीच रॉम फाइल आणा.

नेहमीच्या इम्युलेटरांतल्या अडचणी

सर्वांत जास्त गोंधळ रेट्रोआर्कमध्ये होतो. त्यात सेव्हसाठी ‘सेव्हज’ आणि स्टेटसाठी ‘स्टेट्स’ अशी फोल्डर असतात, पण सेव्हिंगच्या सेटिंगमध्ये कोअरच्या नावाने उपफोल्डर करण्याचा पर्याय आहे. तो जुन्या संगणकावर बंद आणि नव्यावर चालू असेल, तर ‘सेव्हज’मध्ये टाकलेली फाइल तशीच पडून राहते आणि रेट्रोआर्क ‘सेव्हज’च्या आतल्या ‘स्नेस९एक्स’ किंवा ‘एमजीबीए’ फोल्डरमध्ये शोधत राहतो. रॉमच्या फोल्डरनुसार वर्गवारी करण्याचा पर्यायही असाच चकवतो. कोअर बदलला की उपफोल्डरही बदलते, हे विसरू नका. नेमका पत्ता हवा असेल तर लॉगिंग (कार्यक्रम काय करतो याची नोंद ठेवणे) चालू करून गेम उघडा. लॉगमध्ये ‘रिडायरेक्टिंग सेव्ह फाइल टू’ अशी ओळ येते आणि तिच्यापुढे पूर्ण पत्ता असतो.

रेट्रोआर्कच्या वेगवेगळ्या वितरणांची घरेही वेगळी. स्टीमवरून घेतलेला रेट्रोआर्क आणि संकेतस्थळावरून उतरवलेला रेट्रोआर्क एकमेकांची फोल्डर पाहत नाहीत. लिनक्सवर साध्या पद्धतीने बसवला असेल तर होम फोल्डरमधल्या लपलेल्या ‘.कॉन्फिग’मध्ये पाहा; फ्लॅटपॅकने बसवला असेल तर लपलेल्या ‘.व्हार’च्या आतल्या ‘ॲप’ फोल्डरमध्ये.

प्लेस्टेशन १ साठी रेट्रोआर्कचा बीटल पीएसएक्स कोअर पहिले कार्ड .एसआरएम म्हणून ठेवायचे की मेडनाफेन या इम्युलेटरच्या पद्धतीने .०.एमसीआर म्हणून, हे कोअरच्या पर्यायांत ठरते. दोन संगणकांवर हा पर्याय वेगळा असला की सेव्ह हरवल्यासारखा वाटतो. दोन्ही फाइली आतून सारख्याच असतात, नाव बदलले की काम होते.

डकस्टेशन या प्लेस्टेशन १ च्या इम्युलेटरमध्ये ‘मेमकार्ड्स’ फोल्डर असते. कार्ड सर्व गेमना मिळून एक, गेमच्या शीर्षकानुसार वेगळे, अनुक्रमांकानुसार वेगळे की फाइलच्या नावानुसार वेगळे, हे सेटिंग दोन्ही संगणकांवर एकसारखे ठेवा. ईपीएसएक्सई या जुन्या प्लेस्टेशन १ इम्युलेटरमधून येत असाल तर तिथले .एमसीआर कार्ड नाव बदलून .एमसीडी म्हणून चालते, कारण दोन्ही १,३१,०७२ बाइटची कच्ची प्रत असते. एका कार्डावर १५ ब्लॉक मावतात. दोन कार्डांतले सेव्ह एकत्र करायचे असतील तर मेमकार्डरेक्स हे साधन वापरा. एका कार्डावर दुसरे कार्ड पेस्ट केले तर पहिल्यातले सगळे जाते.

पीसीएसएक्स२ मध्ये कार्डाची फाइल फोल्डरमध्ये टाकणे पुरेसे नाही. मेमरी कार्डांच्या सेटिंगमध्ये जाऊन ते कार्ड पहिल्या स्लॉटमध्ये लावावे लागते. ‘फोल्डर’ प्रकारचे कार्ड वापरत असाल तर आतल्या सुपरब्लॉक नावाच्या फाइलसकट सगळे उचला. फक्त एका गेमचे उपफोल्डर उचलून चालत नाही.

डॉल्फिनचे सगळे त्याच्या युजर फोल्डरमध्ये असते आणि फाइल मेनूतून ते थेट उघडता येते. तोच मार्ग वापरा, कारण जुन्या आणि नव्या आवृत्त्यांत या फोल्डरची जागा वेगळी असू शकते: डॉक्युमेंट्सच्या आत किंवा ॲपडेटाच्या आत. गेमक्यूबसाठी जीसी फोल्डर घ्या. त्यात एकतर प्रदेशाच्या नावाची रॉ कार्ड फाइल असते किंवा प्रत्येक सेव्हची वेगळी .जीसीआय फाइल. दोन संगणकांवर कार्डाचा प्रकार वेगळा निवडलेला असेल तर टूल्समधल्या मेमरी कार्ड मॅनेजरमधून सेव्ह बाहेर काढून आत घ्या. वीचा सेव्ह गेमच्या यादीत उजवी क्लिक करून एक्सपोर्ट करणे आणि नव्या संगणकावर टूल्समधून इंपोर्ट करणे हेच बरे.

पीपीएसएसपीपी (पीएसपीचा इम्युलेटर) त्या मानाने सरळ आहे. मेमरी स्टिकच्या फोल्डरमध्ये पीएसपी, त्यात सेव्हडेटा, आणि त्यात प्रत्येक गेमचे आयडीपासून सुरू होणारे फोल्डर. ते फोल्डर आतल्या सगळ्या फाइलींसह न्या. नव्या संगणकावरची डिस्कप्रत दुसऱ्या प्रदेशाची असेल तर आयडी वेगळा पडतो, म्हणून सेव्ह दिसत नाही. आरपीसीएस३ (प्लेस्टेशन ३ चा इम्युलेटर) मध्येही असेच: डेव्ह-एचडीडी०, होम, सात शून्यांनंतर १ असे आठ अंकी वापरकर्त्याचे फोल्डर, आणि त्यात सेव्हडेटा.

आकार जुळत नाही

इथे नुसते नाव बदलून भागत नाही.

डेसम्यूम आणि मेलनडीएस हे निन्टेंडो डीएसचे इम्युलेटर. डेसम्यूमची .डीएसव्ही फाइल म्हणजे कच्चा सेव्ह आणि शेवटी १२२ बाइटची जोड. म्हणून ५,२४,२८८ बाइटचा सेव्ह तिथे ५,२४,४१० बाइटचा दिसतो. मेलनडीएसला कच्चा सेव्ह लागतो. डेसम्यूमच्या फाइल मेनूतल्या एक्सपोर्ट बॅकअप मेमरीमधून कच्च्या रूपात काढा. जुना संगणक हाताशी नसेल तर हेक्स एडिटरने शेवटचे १२२ बाइट कापले तरी तेच मिळते.

घड्याळ असलेल्या गेमबॉयच्या गेममध्ये काही इम्युलेटर वेळेची माहिती सेव्हच्या शेपटीला जोडतात. ३२,७६८ ऐवजी ३२,८१२ किंवा ३२,८१६ दिसले तर कारण हेच. रेट्रोआर्कचा गॅम्बॅट कोअर मात्र वेळ वेगळ्या .आरटीसी फाइलमध्ये ठेवतो. ती न्यायची राहिली तर सेव्ह उघडतो, पण गेममधली वेळ चुकते. एमजीबीए हा इम्युलेटर गेमबॉय ॲडव्हान्सच्या घड्याळवाल्या गेमला १६ बाइट जोडतो, त्यामुळे १,३१,०८८ हा आकडा पाहून घाबरू नका.

रेट्रोआर्कचा जुना व्हीबीए नेक्स्ट कोअर ॲडव्हान्सच्या प्रत्येक सेव्हसाठी १,३९,२६४ बाइटची फाइल करतो: आधी १,३१,०७२ बाइट फ्लॅश किंवा एसरॅमसाठी, मग ८,१९२ बाइट ईईप्रॉमसाठी (हे सगळे कार्ट्रिजमधल्या सेव्हच्या चिपचे प्रकार). एमजीबीएला यातला गेमच्या चिपचा तुकडाच हवा असतो. वर सांगितल्याप्रमाणे नव्या एमजीबीएने बनवलेल्या फाइलचा आकार पाहिला की कोणता तुकडा कापायचा ते कळते.

निन्टेंडो ६४ मध्ये प्रोजेक्ट६४ प्रत्येक प्रकारच्या मेमरीची वेगळी फाइल ठेवतो: .ईईपी, .एसआरए, .एफएलए आणि कंट्रोलर पॅकसाठी .एमपीके. रेट्रोआर्कचा म्यूपेन कोअर हे सगळे एका २,९६,९६० बाइटच्या .एसआरएममध्ये एकत्र भरतो. शिवाय काही प्रकारांत बाइटचा क्रम उलटा असतो. हे हाताने जुळवण्याचा प्रयत्न करू नका, त्यासाठी तयार रूपांतर साधने आहेत.

आणि एक सहज निसटणारे कारण: रेट्रोआर्कमध्ये सेव्ह-रॅम संकुचित करण्याचा पर्याय चालू असेल, तर .एसआरएम फाइल नेहमीपेक्षा लहान होते आणि इतर कोणताही इम्युलेटर ती वाचू शकत नाही. जुन्या संगणकावर पर्याय बंद करा, गेममध्ये एकदा सेव्ह करा, मग फाइल न्या.

सेव्ह दिसतो, पण पुन्हा पुन्हा जातो

दुरुस्त झाले म्हणून आनंद होतो आणि दुसऱ्या दिवशी तेच. याची चार कारणे ठरलेली आहेत.

पहिले, इम्युलेटर चालू असताना फाइल बदलली. त्याच्या मेमरीत जुना, कोरा सेव्ह असतो आणि बंद होताना तो तुमच्या फाइलवर लिहितो. इम्युलेटर बंद असल्याची खात्री करा, पार्श्वभूमीत राहिलेलाही.

दुसरे, आपोआप उघडणारी स्टेट. स्टेटमध्ये त्या वेळची सेव्हची मेमरीही असते. नव्या संगणकावर कोऱ्या गेमची स्वयंचलित स्टेट बनली असेल, तर पुढच्या वेळी ती उघडते, तुमचा सेव्ह मेमरीत झाकते आणि बाहेर पडताना डिस्कवरही पुसते. ऑटो लोड बंद करा, त्या गेमची ‘.ऑटो’ने संपणारी स्टेट काढून टाका, मग सेव्हची फाइल पुन्हा ठेवा. रेट्रोआर्कमध्ये स्टेट उघडताना सेव्ह-रॅम झाकू नये असाही पर्याय आहे.

तिसरे, ढगातले सिंक, म्हणजे वनड्राइव्हसारख्या सेवेने दोन संगणकांवरच्या फाइली आपोआप सारख्या करणे. नव्या संगणकाने बनवलेल्या कोऱ्या सेव्हची तारीख आजची, तुमच्या खऱ्या सेव्हची जुनी. सिंक करणारा कार्यक्रम नवी तारीख खरी मानतो आणि कोरी फाइल सगळीकडे पसरवतो, जुन्या संगणकावरसुद्धा. हलवाहलव पूर्ण होईपर्यंत दोन्हीकडचे सिंक थांबवा. कोरी फाइल आधीच पसरली असेल तर त्या सेवेच्या व्हर्जन हिस्टरीत मागची प्रत मिळते का पाहा.

चौथे, लिहायला परवानगीच नाही. सेव्हच्या फाइलवर ‘रीड ओन्ली’ची खूण असेल, इम्युलेटर प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवला असेल, किंवा विंडोज सिक्युरिटीतला कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस चालू असून इम्युलेटरला डॉक्युमेंट्समध्ये लिहू देत नसेल, तर जुना सेव्ह वाचला जातो पण नवा उतरत नाही. खूण काढा, इम्युलेटर स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा आणि सिक्युरिटीच्या यादीत त्याला परवानगी द्या.

याच प्रकारात मोडणारा घोळ म्हणजे दोन डॉक्युमेंट्स फोल्डर. वनड्राइव्हने बॅकअप सुरू केला की डॉक्युमेंट्स त्याच्या आत जाते आणि वापरकर्त्याच्या नावाखाली जुने डॉक्युमेंट्सही राहू शकते. तुम्ही एकात फाइल ठेवता, इम्युलेटर दुसऱ्यात पाहतो.

जुना संगणक चालू होत नाही, पण डिस्क वाचता येते

डिस्क बाहेरून जोडा आणि इम्युलेटरचे पूर्ण फोल्डर उचला, नुसते सेव्ह नाही. त्यात जुनी आवृत्ती, कोअर, सेटिंग सगळे असते. हीच आवृत्ती नव्या संगणकावर वेगळ्या फोल्डरमधून चालवली, तर जुन्या स्टेटही बहुधा उघडतात. मग गेममधून सेव्ह करायचे आणि तो सेव्ह नव्या आवृत्तीत न्यायचा.

डॉक्युमेंट्स आणि ॲपडेटा ही दोन्ही फोल्डर पाहा. ॲपडेटा लपलेले असते, ते दिसण्याची सोय आधी चालू करा. जुना ३२ बिटचा इम्युलेटर प्रोग्रॅम फाइल्समध्ये होता आणि त्याच्या फोल्डरमध्ये सेव्ह सापडत नाहीत किंवा फार जुने सापडतात, असे झाले तर ॲपडेटाच्या आतल्या लोकलमध्ये व्हर्च्युअलस्टोअर नावाचे फोल्डर उघडा. प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायची परवानगी नसलेल्या जुन्या कार्यक्रमांच्या फाइली विंडोज गुपचूप तिथे वळवते. मूळ फोल्डरमध्ये पाहून सेव्ह गेले असे मानून डिस्क पुसण्याआधी ही जागा तपासाच. पुष्कळांचे सेव्ह तिथेच असतात.